सुंदरवाडीची एकशेवीस पाने

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे उतरणारा रस्ता हा आमच्या मुलुखातील जुन्या वाटांपैकी एक. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा कितीतरी माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि बैलगाड्यांतून याच वाटेने घाट चढून वर येई. आज चंदगड तालुक्याची हिरवी चढउतार ओलांडून गाडी आंबोलीला येते, तेथे चहा पिऊन मंडळी घाटाकडे तोंड करतात, आणि दाणोलीला पोहोचेपर्यंत हवा, माती, माडांची उंची आणि माणसांच्या बोलीचा हेल हे सारे पालटलेले असते. गेल्या मार्गशीर्षात आम्ही या वाटेने सावंतवाडीस गेलो. जत्रांचे दिवस होते. गावोगावच्या देवळांपुढे दशावतारी नाटकांचे मांडव पडले होते आणि रात्रभर जागलेली माणसे दुपारच्या उन्हात पारावर पेंगत होती.

सावंतवाडीचे जुने नाव सुंदरवाडी. ते कोणी ठेवले असेल ते असो, पण मोती तलावाच्या काठी संध्याकाळी उभे राहिले की नाव योग्य वाटते. तलावासमोर राजवाडा, पाठीशी नरेंद्र डोंगर, आणि बाजारपेठेत शिरले की चितार आळी. या आळीतील पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी आणि हुबेहूब रंगवलेली आंबे-केळी-सीताफळे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गौरीपुढे मांडलेली असतील. आम्ही मात्र फळे घेण्यासाठी गेलो नव्हतो. आम्हाला गंजिफा पाहायच्या होत्या, आणि जमल्यास खेळणारा माणूस भेटावा अशी इच्छा होती.

गंजिफा म्हणजे आपल्या जुन्या पद्धतीचे पत्ते. पाने चौकोनी नसून गोल असतात, तळहातात सहज मावतील एवढी. राजवाड्याच्या दरबार दालनात कारागीर बसून ती रंगवतात आणि पाहुण्यांना पाहू देतात. आम्ही बराच वेळ एका रंगवणाऱ्या बाईंच्या शेजारी उभे होतो. त्या कासवे काढीत होत्या. एकाच पानावर नऊ कासवे, सारी एका मापाची, आणि कुंचला असा की त्याला केस किती असतील ते मोजावेत. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, म्हणजे एकूण एकशेवीस. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, बुद्धाला कमळ. राजाच्या पानावर अवताराची मूर्ती असते. आम्ही तेथेच उभ्या उभ्या हिशेब केला. एका रंगातील चिन्हे पंचावन्न. म्हणजे एका संचासाठी हाताने साडेपाचशे चिन्हे काढायची, आणि वर वीस राजे-प्रधान. त्या बाईंना हा आकडा सांगितला तेव्हा त्या हसल्या आणि दहावे कासव असलेले पान पुढे ओढले.

पूर्वी ही पाने कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यावर लेप देऊन, घोटून आणि लाखेचा हात देऊन करीत. आता पुठ्ठा वापरतात. त्यात दोन जाती: कडेला वेलबुट्टीची झालर असलेल्या त्या दरबारी, आणि साध्या त्या बाजारी. आमचे मत विचाराल तर बाजारी अधिक चांगल्या. झालर डोळ्यांना गोड दिसते. परंतु चाळीस पाने हातात पंख्यासारखी धरायची असतील तर मासा की बाण हे एका क्षणात ओळखू यायला हवे.

हा खेळ मुळात आपला नव्हे. बाबराने 1527 मध्ये सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्याने त्या मागवल्या होत्या. मोगली संच आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा. त्यातील रंग म्हणजे ताज, शमशेर, गुलाम असा बादशाही पसारा. हा पसारा दक्षिणेत आणि पूर्वेकडे आला तेव्हा ताज आणि गुलाम यांच्या जागी मासा, कासव आणि परशू येऊन बसले. ओरिसात, बंगालमधील विष्णुपुरात, म्हैसुरात जो तो आपापल्या चित्रपद्धतीने पाने रंगवू लागला. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांना तर या खेळाचा असा नाद की त्यांनी स्वतः नवे, अवाढव्य संच रचले. कोकणात दशावतार रुजायला अडचण नव्हतीच. जी पात्रे रात्री देवळापुढे तोंडाला रंग लावून उभी राहत, तीच दुपारी ओसरीवर हातात धरायची.

पुढे छापील विलायती पत्ते आले. ते स्वस्त, हलके आणि बावन्नच. रंगवलेल्या एकशेवीस पानांनी त्यांच्यापुढे किती काळ टिकावे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला जाणणारा हात जवळजवळ उरला नव्हता. वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती समजावून घेतली, आणि 1971 मध्ये राजवाड्यातच लाखकामाची संस्था उभी केली. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील, म्हणजे आपल्याच बृहन्महाराष्ट्राची लेक. हे बडोदेकर वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. मुंबईत राहणाऱ्या रुडॉल्फ फॉन लायडन या जर्मन कलासमीक्षकाने देशभर हिंडून गंजिफा जमवल्या आणि त्यांचा अभ्यास केला. 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. शिवरामराजे 1995 मध्ये आणि सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या, तरी काम चालू राहिले. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले. कला वाचली, यात शंका नाही.

परंतु खेळ?

बाजारात एका दुकानदारापाशी आम्ही संचाची चौकशी केली. हाताने रंगवलेल्या पूर्ण संचाची किंमत हजारांत जाते, आणि ते कष्ट पाहता ती जास्त नाही. त्याने सुटी पानेही दाखवली, काचेत मढवलेली. मग आपुलकीने विचारले, "भिंतीर लावूक व्हये?" आम्ही म्हणालो, खेळायला हवेत. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. "खेळूक आता कोण नेता?" त्याच्या स्वरात थट्टा नव्हती, त्याने व्यवहार सांगितला. दोन दिवसांत आम्ही पुष्कळांना विचारले. आजोबा खेळत असत, असे सांगणारे भेटले. स्वतः खेळतो म्हणणारे एकच गृहस्थ निघाले, आणि तिसरा भिडू गेल्यापासून त्यांनी पेटी उघडलेली नव्हती. महाराष्ट्राबाहेर राहून वाचनालये आणि व्याख्यानमाला चालवणाऱ्या आपल्या मंडळींना गणपूर्तीचे दुःख काय असते ते सांगायला नको.

त्या गृहस्थांनी आम्हाला डाव समजावून दिला. खेळणारे तिघे, प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती येईल त्याची पहिली उतारी; दिवेलागणीनंतर तो मान कृष्णाचा. राम माध्यान्हीला जन्मला आणि कृष्ण मध्यरात्री, तेव्हा ही वाटणी खेळणाऱ्यांनी मोठ्या रसिकतेने केली आहे असे आम्हाला वाटते. राजा सर्वांत मोठा, त्याखाली प्रधान. त्यापुढे गंमत आहे: पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत हलकी. हुकमाचा रंग असा नाहीच. उतरलेल्या रंगाचे मोठे पान ज्याचे त्याचा हात. म्हणून सारी मदार स्मरणावर. मत्स्याचा राजा गेला, प्रधान गेला, आता कोणाचे कोणते पान त्या रंगात वरचढ झाले, हे दहाही रंगांत शेवटपर्यंत ध्यानी ठेवायचे. "नशीब वाटणीपुरते," असे ते म्हणाले, "पुढे डोके."

हे ऐकताना आम्हाला आमच्या शाळेतील मधली सुट्टी आठवत होती. गेली काही वर्षे मुलांच्या दप्तरांत पोकेमॉनची पत्ते निघतात. शिक्षक ती जप्त करून आमच्या मेजावर आणून ठेवतात, त्यामुळे त्यांचा थोडाफार अभ्यास आम्हाला घडला आहे. या जातीचे खेळ नवेच. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड यांचा 'मॅजिक' हा खेळ अमेरिकेत 1993 मध्ये निघाला, आणि जपानात पोकेमॉनची पाने 1996 मध्ये आली. या खेळांत सगळ्यांचा मिळून एक कॅट नसतोच. बंद पाकिटे विकत घ्यायची, आत काय निघेल ते ठाऊक नसते. निघालेल्यातून, अदलाबदल करून, निवडून, प्रत्येकाने आपला साठ पानांचा संच बांधायचा आणि तो घेऊन दुसऱ्यासमोर बसायचे. शक्ती पुरवणारी मूळ पाने सोडली तर एका नावाची चारच पाने ठेवता येतात. बलवान पाने फार भरली तर त्यांना लागणारी शक्ती पुरवणारी पाने कमी पडतात आणि संच अडून बसतो. म्हणजे घरी बसून केलेली ही निवड हाच अर्धा खेळ. सातवीतील एका मुलाने हे आम्हाला इतक्या नीटसपणे समजावले की आम्ही त्याची पाने परत केली.

यातील पाकिटांचा व्यापार आम्हाला पसंत नाही. ज्याच्या बापाचा खिसा मोठा त्याचा संच मोठा, आणि ज्याला पाकिटे परवडत नाहीत तो पोरगा भिंतीला टेकून नुसता पाहत राहतो. गंजिफांत साऱ्यांनी एकाच पेटीतून पाने उचलायची. सावकार आणि कूळ एका सतरंजीवर बसले तरी पाने पेटीतलीच. तरीही एक गोष्ट या नव्या खेळाकडे आहे, जी सावंतवाडीच्या पेटीकडे उरलेली नाही. तो खेळणारी मुले एकमेकांना शोधतात. परदेशांत पत्ते विकणारे दुकानदार दुकानातच मेजे मांडून देतात आणि ठरलेल्या संध्याकाळी मंडळी तेथे जमतात. पाने विकणाऱ्यालाच खेळणारे हवे असतात. ते नसले तर त्याची पाकिटे पडून राहतील. चित्र म्हणून विकलेल्या गंजिफेला भिडू लागत नाही. ती काचेआड एकटी सुखाने राहते.

आम्ही संच विकत घेतला नाही. शाळेच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते, आणि हजारोंची पेटी बाळगोपाळांच्या हाती देण्याचे धैर्यही आमच्यात नाही. कासवांचे एक सुटे पान मात्र नमुन्यादाखल घेतले. माघात हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांना घरातील जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या. बेळगावात लग्नपत्रिकांचा पुठ्ठा किती जाड असतो हे वाचकांना ठाऊक आहे. इतक्या थाटाच्या पत्रिकांचा असा उपयोग होईल हे वधूवरांच्या वडिलांच्या स्वप्नातही नसेल. बांगडी ठेवून वर्तुळे आखली, कापली आणि दोन-दोन चिकटवली. मुलींनी मासे आणि कमळे वाटून घेतली, परशूवरून मुलांत भांडण झाले. वराहासाठी शंख काढायचा असे ठरले, तो कोणालाच धड जमेना, आणि अखेरीस शिपाईमामांनी तो खडूने फळ्यावर काढून दाखवला. साडेपाचशे चिन्हांना पाच आठवडे लागले.

आता शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर व्हरांड्यात तीन-तीन जणांचा डाव बसतो. वेळ दिवसाची असल्यामुळे पहिली उतारी रामाची. चाळीस पाने लहान हातांत मावत नाहीत म्हणून निम्मी ती मांडीवर उपडी ठेवतात. जुन्या खेळाडूंना हे चालले नसते, पण येथे कोणी जुना खेळाडू नाही. पाने चार-चार वाटावी, वाटणाऱ्याने शेवटी खेळावे, रडीचा डाव करणाऱ्याने पुढच्या शनिवारी नुसते पाहावे, असे नियम त्यांनीच केले आहेत. कोणत्या पाच रंगांत एक्का मोठा, हे लक्षात राहावे म्हणून एका मुलीने वहीच्या मागल्या पानावर कोष्टक लिहिले होते. तिसऱ्या शनिवारनंतर तिने वही आणणे बंद केले. पोकेमॉनवाला तो मुलगा इकडेही येतो. आपल्या मनाप्रमाणे पाने निवडता येत नाहीत ही त्याची तक्रार आहे, आणि आजवर सर्वांत अधिक हात त्याचेच झाले आहेत.

एक अडचण उभी राहिली आहे. कूर्माची सत्ती हरवली होती, ती नव्याने करताना पुठ्ठा जाड लागला. तेव्हापासून पाने पिसतानाच ती बोटाला कळते, आणि ती कोणाकडे गेली हे तिघांनाही ठाऊक असते. परीक्षा संपल्यावर कूर्माची बाराही पाने पुन्हा करायची असे ठरले आहे. आमच्या मेजाच्या खणात त्यासाठी दोन पत्रिका वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, एकाच लग्नाच्या, एकाच जाडीच्या.