मिठाच्या सरोवराकाठचं गाणारं शहर

मैत्रिणींनो, लेकाकडे नाहीतर लेकीकडे अमेरिकेला जाऊन यायचा योग हल्ली पुष्कळजणींना येतो. मग न्यूयॉर्क, नायगरा, लास व्हेगास हे ठरलेलंच. पण पश्चिमेकडे गेलात तर युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीसाठी दोन दिवस राखून ठेवाच. डोंगरांच्या कुशीतलं हे शहर पाहण्यासारखं तर आहेच, पण त्याहून ते ऐकण्यासारखं आहे. तिथल्या एका मुलाची हकीकत ठाऊक असेल तर ते आणखी कळतं. ती सांगत सांगतच तुम्हांला हिंडवते.

सुरुवात शहराच्या मधोमध, टेंपल स्क्वेअरपासून. मॉर्मन पंथाचे लोक पूर्वेकडच्या राज्यांत छळ सोसून, बैलगाड्यांतून मजल दरमजल करीत, जुलै १८४७ मध्ये ब्रिगम यंग यांच्यामागोमाग इथं पोचले. इथले रस्ते एवढे रुंद, की बैलजोडीसकट गाडी सहज वळावी! आणि पत्ते म्हणाल तर सगळे देवळापासून मोजलेले: देवळाच्या दक्षिणेला इतके, पूर्वेला इतके. नवखी बाईसुद्धा चुकायची नाही.

ते देऊळ १८५३ मध्ये सुरू झालं आणि १८९३ मध्ये पुरं झालं. चाळीस वर्षं! भूकंपापासून बचावाच्या मोठ्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते बंद करण्यात आलं. पण काम नसतं तेव्हाही तुम्हांआम्हांला ते बाहेरूनच पाहायचं. आत फक्त पंथातल्या आणि चर्चचा परवाना असलेल्या माणसांनाच जाता येतं. इथं लग्न लागतं ते केवळ या जन्मापुरतं नाही, अनंतकाळासाठी. मेल्यानंतरही नवरा, बायको, मुलं सगळं कुटुंब एकत्र राहणार, अशी यांची श्रद्धा. मात्र वधूची सख्खी आई का असेना, परवाना नसेल तर तिला त्या विधीच्या वेळी बाहेर थांबावं लागतं. वाचून तुमच्याही काळजात चर्र झालं ना? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेजारीच १८६७ सालचं टॅबरनॅकल, कासवाच्या पाठीसारख्या छपराचं. इथं मात्र सगळ्यांना मुक्तद्वार. वाटाड्या व्यासपीठाजवळ टाचणी टाकतो आणि तिचा आवाज पार मागच्या बाकांवर ऐकू येतो. ऑर्गनला ११,६२३ नळ्या! इथल्या गायकवृंदात सुमारे ३६० स्त्रीपुरुष. कुणी शिक्षिका, कुणी डॉक्टर, कुणी गृहिणी, आणि एकालाही छदाम मिळत नाही. त्यांचा रेडिओ कार्यक्रम जुलै १९२९ पासून दर आठवड्याला चालू आहे. गाणं ही इथं करमणूक नव्हे, उपासना आहे. प्रार्थनासभेत लहान मुलंदेखील न बुजता उभी राहून गातात, बोलतात.

खाण्यापिण्याचं मधेच सांगून टाकते. पंथात दारू, तंबाखू तर वर्ज्यच, शिवाय चहाकॉफीही. पाहुणी म्हणून गेलात तर चहाची वाट पाहू नका. जेली मात्र अंमळ जास्तच लाडकी. २००१ मध्ये राज्याचा अधिकृत खाऊ म्हणून तिचा ठरावच झाला! शाकाहारी असाल तर जपा, जेलीतलं जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात.

आता ट्रामगाडीत बसा. ट्रॅक्स म्हणतात तिला. दक्षिणेकडे थोड्याच वेळात मरी नावाचं गाव लागतं. डेव्हिड आर्चुलेटा इथलाच. जन्म १९९० चा, मायामीचा. आई होंडुरासची, वडील जॅझ वाजवणारे. लहानपणीच कुटुंब युटात आलं. २००८ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, हा मुलगा 'अमेरिकन आयडॉल'मध्ये उभा राहिला. जॉन लेननचं 'इमॅजिन' गायला, पण धर्माविषयीचं कडवं वगळून फक्त शेवटचं. अंतिम फेरीआधी तो घरी आला तेव्हा लोटलेली गर्दी पाहून त्याला रडू आवरेना. शेवटी साडेनऊ कोटींहून जास्त मतं पडली आणि तो दुसरा आला. त्याच वर्षी त्याचं 'क्रश' हे गाणं अमेरिकेच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर दाखल झालं. डिसेंबर २०१० मध्ये तर मघाच्या त्या गायकवृंदाच्या नाताळच्या मैफलीत तो पाहुणा गायक होता, एकवीस हजार आसनांच्या सभागृहात. गावाला आणखी काय हवं?

परत शहरात या. टेंपल स्क्वेअरला लागूनच एब्रॅव्हनेल हॉल आहे. डिसेंबर २०११ मध्ये इथल्या मंचावरून डेव्हिडने सांगितलं, की मी दोन वर्षं धर्मप्रचाराला जाणार. पंथातल्या तरुणांनी असं जावं अशी अपेक्षा असते, तेही घरच्या खर्चाने. तो एकविशीचा. गायकाच्या धंद्यात दोन वर्षं म्हणजे काय, ते आपण जाणतोच. लोक दोन महिन्यांत विसरतात. मार्च २०१२ मध्ये तो चिलीला गेला. मैफली नाहीत, बाजारातलं संगीत नाही. आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला संग्रह त्याच्या गैरहजेरीतच निघाला. त्या काळी या मुलांना घरी फोनसुद्धा वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली ती २०१९ मध्ये. मला विचाराल तर स्पर्धेतल्या कोट्यवधी मतांपेक्षा हे अवघड होतं.

२०१४ मध्ये तो परतला, पुन्हा गाऊ लागला. पण मनात दुसरंच काही सलत होतं. मुलींशी तीनदा वाङ्निश्चय झाला आणि मोडला, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. जून २०२१ मध्ये त्याने जाहीर केलं, की आपल्याला पुरुषांविषयी ओढ वाटते. चर्चचं म्हणणं असं, की ओढ वाटणं हे पाप नव्हे, पण तसा संबंध, तसं लग्न मान्य नाही. म्हणजे देवळातलं ते अनंतकाळचं लग्न, ते मरणापलीकडे टिकणारं कुटुंब त्याच्या आवडीच्या जोडीदाराबरोबर मिळायचं नाही. पुढच्याच वर्षी तो चर्चपासून दूर झाला. ज्या सभांमध्ये गायला शिकला, त्या सोडून.

आणि आई? तिचा तर सगळा जन्म त्या श्रद्धेवर उभा. तो नरकात जाणार असेल तर आम्ही सगळेच त्याच्याबरोबर येऊ, अशा अर्थाचं काही ती त्याला म्हणाली, आणि तीही चर्चमधून बाहेर पडली. आईच्या त्या बोलण्यावर त्याने गाणं केलं. ते २०२४ मध्ये निघालं, 'हेल टुगेदर' नावाचं.