जर्सी कुणाची?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाच्या तोंडून ‘शिवाजी पेठ आज चांगली खेळली’ हे वाक्य सहजासहजी बाहेर पडत नाही. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची फुटबॉल फायनल असली, की शाहू स्टेडियमवर भर उन्हात जागा धरून बसलेली माणसं दिसतात. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, ‘तालीम म्हणजे आखाडा ना? मग फुटबॉल कसा?’

शाहू महाराजांनी कुस्ती पोसली, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. पुढे छत्रपती घराण्याच्याच पाठबळावर फुटबॉल रुजला आणि तो तालमीतच वाढला. मला वाटतं, पेठेला तो जास्त मानवला. कुस्तीत लढणारा एकटा पैलवान, बाकीची पेठ कडेला. फुटबॉलने एकदम अकरा घरं मैदानात उतरवली. उजव्या बगलेला धावणारा पोरगा सकाळी ज्याच्या हातून दूध घेतो, तोच संध्याकाळी गॅलरीतून त्याला शिव्या घालतो!

आता चषकांना नेत्यांची नावं असतात, संघात नायजेरियाचे खेळाडू असतात. पण त्यातल्या एखाद्याने समोरच्या पेठेवर गोल मारला, की अंधार पडायच्या आत तो ‘आपला पोरगा’ झालेला असतो. पेठेत सामावून घेण्याची एवढी सोपी अट मी दुसरीकडे पाहिली नाही.

खटकतं ते वेगळंच. एवढं वेड असून कोल्हापूरचा एकही क्लब देशाच्या अव्वल लीगमध्ये नाही. इथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. पैसा, मैदानं ही कारणं आहेतच. पण खरं सांगू? आम्हाला मोहन बागानला हरवायचंच नाही. आम्हाला शेजारच्या पेठेला हरवायचंय. तेवढ्यानं पोट भरतं, आणि कधी ते इतकं भरतं की दगड उडतात, पोलिसांच्या काठ्या चालतात, स्पर्धाच थांबवावी लागते. त्या दगडांचं कौतुक करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

म्हणून एकदा कट्ट्यावर म्हटलं, सगळ्या तालमींनी मिळून शहराचा एकच संघ काढावा.

‘काढूया की भावा,’ एकजण म्हणाला, ‘पण जर्सी कुणाची?’

मी आमच्याच पेठेची सांगितली.