काउंट किती आला?

सोलापुरात ‘काउंट’ हा शब्द रक्ताच्या आधी सुताला लागतो. पूर्व भागातल्या कुठल्याही कारखान्यात विचारा. विसाचं सूत जाडसर, चाळिसाचं बारीक. हा हिशेब इंग्रजांच्या गिरण्यांबरोबर आला. ८४० वारांची एक लड धरायची आणि एका पौंडात अशा किती लडी बसतात ते मोजायचं. वीस बसल्या तर विसाचा काउंट. म्हणजे आकडा जितका मोठा तितका धागा नाजूक. एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर मी २७ वर्षं दिवाणजी होतो, त्यामुळे हा उलटा हिशेब माझ्या हाडात मुरलेला आहे. पांढऱ्या पेशीही हाडातच तयार होतात हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि तेव्हापासून माझ्या आयुष्यात दोन काउंट झाले.

दर तीन महिन्यांनी सकाळी सातला मी रक्त द्यायला जातो. उपाशीपोटी यायची गरज नाही असं तिथल्या मुलीनं कितीदा तरी सांगितलंय, पण मी चहासुद्धा न घेता जातो. माणसं परीक्षेला जाताना दही-साखर खातात. माझं आपलं उलटं. खुर्चीही ठरलेली आहे, खिडकीजवळची. ती रिकामी नसेल तर मागच्या माणसाला आनंदानं पुढं सोडतो. मग दंडाला पट्टा, मूठ आवळा, शीर सापडत नाही, दुसरा हात द्या. दोन नळ्या भरतात. पिवळ्या टोपणाची यकृतासाठी, जांभळ्या टोपणाची पेशी मोजायला. जांभळी नळी ती मुलगी बोटांत धरून हळूहळू उलटीसुलटी करते, रक्त गोठू नये म्हणून. तेवढा वेळ मी तिच्या हाताकडं बघत बसतो. त्या नळीतलं अजून माझंच आहे, पण मला काही सांगत नाही.

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो. मधले दहा तास काय करायचं हे कुठल्याच डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही.

हे सगळं सुरू झालं पोटापासून. उजव्या बाजूला बेंबीच्या खाली दुखायचं, दिवसातून सात-आठ वेळा जावं लागायचं, संध्याकाळी कणकण, आणि वर्षभरात वजन १२ किलो उतरलं. बायकोनं माझ्या शर्टांना आत टीप घालून घालून शेवटी नवेच आणले. कॅमेऱ्यानं आतडं बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि उत्तर आलं : क्षय असेल, किंवा क्रोन असेल. आपल्याकडं या दोघांचा गुंता फार जुना आहे. दोन्ही रोग बहुतेकदा लहान आतड्याचं शेवटचं टोक धरतात, दोन्हींत व्रण, दोन्हींत ताप, दोन्हींत माणूस वाळतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालीही अनेकदा सारख्याच दिसणाऱ्या गाठी. क्षय असताना क्रोनचं औषध दिलं तर जंतूंना रान मोकळं मिळतं. म्हणून आधी क्षयाच्या गोळ्या. मीही घेतल्या. लघवी केशरी झाली, आरशात बघायची भीती वाटू लागली, पण पोट तसंच राहिलं. त्यावरून मला क्रोन आहे असं ठरलं. जो रोग एका औषधाला दाद देत नाही तो दुसरा, अशी ही ओळख.

क्रोन हे माणसाचं आडनाव. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या तिघा डॉक्टरांनी या दुखण्यावर लेख लिहिला : क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर. नावं इंग्रजी वर्णानुक्रमानं छापली गेली आणि रोगाला पहिल्याचं नाव चिकटलं. ओपनहायमर रोग झाला असता तर नातेवाइकांना सांगताना मला आणखी धाप लागली असती.

निदान झाल्यावर पुण्याला खेपा सुरू झाल्या. सकाळच्या ‘हुतात्मा’नं जायचं आणि रात्री तिनंच परत यायचं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे सोलापूरचे चौघे. गाडीचं नाव त्यांच्यावरून. तिकीट काढताना मी मात्र एवढंच बघायचो की जागा संडासाच्या दाराजवळची आहे की नाही. अशा वेळी आपल्याला स्वतःची थोडी लाज वाटते.

पुण्यात आधी स्टिरॉइड मिळालं. चेहरा पुरीसारखा फुगला आणि पोट महिन्याभरात थांबलं. मग ते हळूहळू उतरवत आणून त्याच्या जागी अझाथायोप्रिन दिलं. ५० मिलिग्रॅमच्या दोन फिकट पिवळ्या गोळ्या, रात्री जेवणानंतर. डॉक्टर म्हणाले, ‘‘तुमचं शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडतंय. ही गोळी प्रतिकारशक्ती खाली आणते. आपल्याला ती थोडी खाली हवी आहे, फार खाली नको.’’ मग त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडे लिहून दिले. चार हजार ते अकरा हजार हे सर्वसाधारण. माझ्यासाठी साडेतीन हजारांखाली गेलं की त्यांना फोन. तीन हजारांखाली गेलं की गोळी बंद करून फोन. आणि आकडा काहीही असो, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. तो कागद अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. थोडी खाली पण फार नको : पेढीवरच्या उधारीबद्दल आमचे मालकही हेच म्हणायचे.

या गोळीमागं एक बाई आहे. गर्ट्रूड एलियन, न्यूयॉर्कची, १९१८ चा जन्म. पंधरा वर्षांची असताना आजोबा पोटाच्या कॅन्सरनं गेले, आणि तिनं रसायनशास्त्र धरलं. पण संशोधनाच्या प्रयोगशाळेत बाईला कोण घेणार? मधल्या काळात ती एका किराणा कंपनीच्या प्रयोगशाळेत लोणच्याचा आंबटपणा तपासत होती. मला ही बाई आवडते ती याच्यासाठी. १९४४ मध्ये ती बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली लागली आणि दोघांनी मिळून पेशींना फसवणारी औषधं शोधली. पेशीला दुप्पट व्हायचं तर आपली जनुकं पुन्हा विणावी लागतात. हिनं त्या विणकामात खऱ्यासारखा दिसणारा खोटा धागा घुसवला. तो धागा लागला की माग थांबतो. आधी रक्ताच्या कॅन्सरवर, मग १९५७ च्या अझाथायोप्रिनमधून दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेल्या रोग्यांना. १९८८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तिची पीएच.डी. शेवटपर्यंत राहून गेली.

खोटा धागा मात्र निवड करत नाही. आतड्याशी भांडणाऱ्या पेशींचा माग थांबवताना हाडातल्या बाकीच्या मागांवरही तो जातो. म्हणून जांभळं टोपण. पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, आणि आता तीन महिन्यांनी. काही लोकांच्या शरीराला ही गोळी पचवताच येत नाही. युरोपातली माणसं त्यासाठी टीपीएमटी नावाचा घटक तपासतात. पण आशियात तेवढ्यानं भागत नाही असं २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी दाखवलं. इथं एनयूडीटी१५ नावाच्या जनुकात खोट असते, भारतीयांतही, आणि अशा माणसाचा काउंट काही आठवड्यांत धाडकन कोसळतो. आधी केस जातात. हे मी एकदा बायकोसमोर बोलून गेलो. त्यानंतर दोन महिने ती रोज सकाळी माझी उशी उजेडात धरून बघायची. मुळात माझ्या डोक्यावर मोजण्याइतकेच केस, त्यामुळे तिचं काम सोपं होतं.

पहिल्या महिन्यात काउंट ११,८०० आला. मी पेढीवर पेढे वाटायच्या बेतात होतो. स्टिरॉइडनं पांढऱ्या पेशी रक्तात जास्त दिसतात, हे नंतर कळलं. स्टिरॉइड उतरत गेलं तसा आकडाही उतरला : ८,९००, ६,७००, ५,१००. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायचे, छान. प्रत्येक वेळी मला जिना उतरल्यासारखं वाटायचं, आणि खालची पायरी दिसत नव्हती. एकदा प्लेटलेट ६२,००० आल्या. ती रात्र आम्ही दोघांनी जागून काढली. दुसऱ्या दिवशी निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं तर दोन लाखांच्या वर. जांभळ्या नळीतल्या औषधानं काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र अख्ख्या घोळक्याला एक समजतं. मोजणाऱ्याची चूक नाही, मोजल्या जाणाऱ्यांची लबाडी. पेढीवर सुताचे कोन मोजताना आमचंही असं व्हायचं, पण तिथं कुणाची झोप जात नव्हती.

या यंत्राची गोष्ट मी मुद्दाम शोधून वाचली. पूर्वी चौकटी आखलेल्या काचेवर रक्ताचा थेंब घेऊन माणूस डोळ्यांनी पेशी मोजायचा. वॉलेस कूल्टर नावाच्या अमेरिकनानं एक बारीक भोक असं केलं की त्यातून पेशी एकेक करून जाते, आणि जाताना विजेच्या प्रवाहाला धक्का देते. धक्के मोजले की पेशी मोजून झाल्या. त्याचं पेटंट १९५३ चं. आणि गंमत अशी की पांढऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त पेशी रक्तात काही तासच राहतात. सकाळी सातच्या नळीतल्या पेशींच्या बरोबरीच्या, माझ्या अंगात मागं राहिलेल्या, रिपोर्ट येईस्तोवर बहुतेक निघूनही गेलेल्या असतात. मी संध्याकाळी वाचतो तो सकाळच्या गिऱ्हाइकांचा हिशेब. दिवाणजीला हे नवीन नाही. तरी छाती धडधडते.

करोनाच्या दिवसांत माझी मोठी पंचाईत झाली. अख्खं गाव प्रतिकारशक्ती वाढवायला निघालं होतं आणि मी पैसे मोजून ती कमी करत होतो. शेजारच्या काकू रोज तांब्याभर गुळवेलीचा काढा पाठवायच्या. नको म्हणणं शक्य नव्हतं, पिणं त्याहून नाही. तो काढा आमच्या तुळशीनं प्यायला. पुढं २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं आणि आयुष मंत्रालयानं ते खोडून काढलं. त्या भांडणात मी पडत नाही. तुळस मात्र त्या वर्षी जोरात वाढली.

सल्ल्यांना तोटा नाही. डाळिंबाची साल उकळून घ्या, सोलापुरात राहून डाळिंब सोडून गोळ्या कसल्या खाता? बेलाचा मुरांबा घ्या. ताक घ्या, ताक बंद करा. दुखणं उसळलं की शेंगाचटणी आणि कडक भाकरी दोन्ही बंद होतात, आणि मग सोलापुरात खायला उरतं काय, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या उजनीतून. पिंपात भरलेलं ते पाणी उकळल्याशिवाय मला चालत नाही. उन्हाचंही तेच, या गोळीवर असताना कातडीला ऊन बाधतं आणि फार वर्षं घेतली तर कातडीच्या कॅन्सरची शक्यता वाढते. सोलापूरच्या मे महिन्यात छत्री घेऊन हिंडणाऱ्या पुरुषाकडं लोक ज्या नजरेनं बघतात, ती नजर मला आता पाठ आहे.

यंदाची तपासणी संक्रांतीच्या आठवड्यात आली. गावच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गर्दीत जाणं मी सोडलंय. मार्गावरच्या एका पाहुण्यांच्या गच्चीवरून, तोंडाला मास्क लावून बघतो. खालून सातही नंदीध्वज डुलत निघाले होते आणि रस्ताभर पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. वरून ती एवढ्या दाटीनं सरकताना दिसली की माझ्या मनात जे यायचं ते आलंच. मी बाजूच्या मुलाला विचारलं, ‘‘किती असतील रे?’’ तो म्हणाला, ‘‘काका, लाखभर.’’ मला बरं वाटलं.

रिपोर्ट सोहळ्यानंतर दोन दिवसांनी आला. घराच्या पायरीवर शेजारचे मामा बसले होते. तेलुगू घरातले, उभं आयुष्य यंत्रमागावर काढलेले. मशीनच्या आवाजानं कान गेलेत, म्हणून ओरडून बोलतात.

‘‘काय ओ दिवाणजी, काउंट किती आला?’’

मी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचला. ‘‘बेचाळीसशे.’’

‘‘किती?’’

‘‘बेचाळीस!’’ मीही ओरडलो.

मामांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून तो धागा चाचपला. ‘‘बारीक हाय की ओ. खळ लावावी लागंल.’’

आतून बायकोनं विचारलं, ‘‘अहो, काय म्हणतायत मामा?’’

‘‘पेज टाक म्हणतायत,’’ मी म्हटलं, आणि चपला काढल्या.