खारूनचा गाळ

पावसाळ्यात रायपूरच्या महादेवघाटावर उभे राहिले, की खारून नदी मातकट होऊन वाहताना दिसते. नावात खार असली तरी पाणी गोडे. पण सिमेंटच्या कारखान्यात हिशेब लिहून निवृत्त झालेल्या, मूळच्या कोकणातल्या एका गृहस्थांना त्या नावाने खाडीकाठची आपली खारजमीन आठवते. समुद्र येथून शेकडो कोस दूर आहे, आणि तरी पायाखाली समुद्रच आहे. रायपूर-बलौदाबाजारकडचा चुनखडक शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उथळ सागरतळाशी साचलेला.

तोच खडक आता भट्टीत जातो. १०० किलो शुद्ध चुनखडक भाजला, तर ४४ किलो कर्बवायू नुसत्या दगडातूनच सुटतो. सुमारे १४५० अंशांची आच राखण्यासाठी जाळलेल्या कोळशाचा हिशेब वेगळा. तापलेल्या हवेने समुद्र चढतो, आणि त्याला अडवायला पुन्हा सिमेंटच्याच भिंती! प्राचीन समुद्राचा तळ जाळून आजचा समुद्र थोपवण्याचा हा व्यवहार कोणत्याही खतावणीत जुळणारा नाही.

कोकणातल्या जुन्या माणसांनी मातीचे बांध घातले आणि बांधाबाहेर तिवर, कांदळ, चिपी राहू दिली. तिवराची श्वासमुळे चिखलातून वर डोकावतात; त्यांत लाटेचा जोर मोडतो, गाळ खाली बसतो आणि जमीन हळूहळू उंचावते. भिंत बांधल्या दिवसापासून झिजते. हे रान मात्र, गाळ मिळत राहिला तर, समुद्राबरोबर चढत जाते. तळच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे पानामुळांतला कर्ब कुजून हवेत न जाता दीर्घकाळ तिथेच गाडलेला राहतो.

गाळ मिळत राहिला तर! खारून शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि महानदी ओडिशाच्या किनाऱ्याला. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी त्याच किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. केंद्रापाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तिथे माणसे कमी दगावली, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पण महानदीवर हिराकूड धरण आहे. १९५७ साली त्याचे उद्घाटन झाले, आणि वरचा पुष्कळसा गाळ तेव्हापासून तिथेच थांबतो. छत्तीसगडचा दगड मालगाडीने देशभर जातो, माती मात्र वाटेत अडते.

तरीही तिवराचे गोडवे एकतर्फी गाऊ नयेत. उघाडी मोडली, बांध फुटला, खारे पाणी भातखाचरात शिरले, की काही वर्षांत तिथे तिवर उभे राहते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. ती योग्यच; पण सातबारा नावावर आणि कोयता चालवायची सोय नाही, अशी कित्येकांची अवस्था आहे. रान राखते साऱ्या किनाऱ्याला. भात जाते एखाद्याच घराचे.

त्या गृहस्थांच्या कपाटातही असाच एक सातबारा आहे. बांध नव्याने घालण्याच्या अर्जावर सही मागणारे भाऊबंदांचे पत्र त्याच घडीत ठेवलेले आहे. बांध झाला तर भरती अडेल, आणि आतले तिवर वाळेल. पत्राला दोन पावसाळे झाले. त्यांनी सही केलेली नाही. नकारही कळवलेला नाही.