तीन शस्त्रक्रिया, एक सर्जन

ग्रामीण भागासाठी सर्जन कसे घडवावेत, यावर सर्वसामान्य वाचकाला समजेल असं लिहा, अशी संपादकांची विनंती होती. पत्राच्या शेवटी त्यांनी एक प्रश्नही जोडला होता : खेड्यात मोठी ऑपरेशनं होत नाहीत, मग तिथल्या सर्जनला थोडं कमी शिक्षण पुरणार नाही का?

ग्रामीण शल्यचिकित्सा शिकवण्यात उमेदीची वर्षं खर्ची घातलेल्या प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न सरकारी बैठकीत भेटतो, तसाच लग्नाच्या पंगतीतही भेटतो. त्यामागचा समज मुळापासून चुकीचा आहे. जिथे साधनं कमी, तिथे माणसाला जास्त यावं लागतं.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 साली जगभरच्या शस्त्रक्रियांचा आढावा घेतला. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल सुमारे 500 कोटी लोकांच्या आवाक्याबाहेर आहे आणि गरज भागवायची तर दर वर्षी आणखी 14 कोटी 30 लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात, असा त्याचा निष्कर्ष होता. एखादं रुग्णालय खऱ्या अर्थाने सज्ज आहे की नाही, हे ओळखायला आयोगाने तीन शस्त्रक्रिया निवडल्या : सिझेरियन, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचे उपचार. या तिन्ही गोष्टी माणसाला दोन तासांच्या अंतरात मिळायला हव्यात.

आता आपल्याकडचं शिक्षण बघा. जनरल सर्जरीचा निवासी डॉक्टर तीन वर्षं आतडी, पित्ताशय, हर्निया, गाठी यांत पारंगत होतो. सिझेरियन शेजारच्या स्त्रीरोग विभागाचं, फ्रॅक्चर अस्थिरोग विभागाचं. म्हणजे तीनपैकी दोन शस्त्रक्रियांना त्याचा हातही लागत नाही. मोठ्या रुग्णालयात त्याने काही अडत नाही. भामरागड, धडगाव किंवा मोखाड्यासारख्या ठिकाणी मात्र तीन वेगळे विशेषज्ञ मिळणं मुश्कील. अडलेली बाळंतीण, फुटलेलं अपेंडिक्स आणि मोटारसायकलवरून पडलेला तरुण एकाच दारात येतात.

गेल्या पावसाळ्यातली एक केस अजून मनातून जात नाही. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून पोटात रक्तस्राव झालेली एक बाई तालुक्याच्या रुग्णालयात आली. नाडी जेमतेम लागत होती. ड्यूटीवरचा तरुण सर्जन हुशार, हात चांगला. त्याने पहिला प्रश्न विचारला : रक्तपेढीत किती पिशव्या आहेत? रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी, आणि मधल्या पुलावर पाणी. तिथल्या ज्येष्ठ सर्जनने पोट उघडलं, नळीवर चिमटा लावून रक्तस्राव थांबवला आणि पोटात साठलेलं ताजं रक्त निर्जंतुक वाटीने काढलं. गॉजच्या आठ पदरांतून गाळून ते रक्तपिशवीत भरलं आणि तिचं तिलाच चढवलं. 350 मिलिलिटरच्या पिशवीत 49 मिलिलिटर सीपीडीए हे द्रावण आधीच असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. आतडं फुटलं असेल, रक्त जुनं किंवा दूषित असेल, तर हे करायचं नसतं. बाई वाचली. त्या तरुणाने ही पद्धत कधीच पाहिलेली नव्हती, कारण तो शिकला तिथे रक्तपेढी एक मजला खाली होती. यात त्याचा काय दोष?

कमी साधनांत काम भागवण्याच्या अशा पद्धतींपैकी सर्वांत जास्त गैरसमज आहे मच्छरदाणीबद्दल. हर्नियात पोटाच्या भिंतीचा कमकुवत भाग ताण न देता झाकायला जाळी बसवतात. बाजारातली जाळी महाग. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनी मच्छरदाणीचं साधं कापड वापरून पाहिलं आणि इतर सर्जनांबरोबर 2003 साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यावर ‘गरिबांच्या पोटात मच्छरदाणी घालतात’ अशी ओरड झाली. आजही होते. पुढे युगांडात 302 पुरुषांवर रीतसर तुलनात्मक चाचणी झाली आणि 2016 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ती छापली. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, 30 टक्क्यांच्या आसपास. महाग जाळीची किंमत 125 डॉलर, स्वस्त जाळीची एका डॉलरहून कमी.

मात्र यात शिस्त लागते. कोणतंही कापड चालत नाही, कीटकनाशक लावलेलं तर अजिबात नाही. धागा कशाचा आहे हे माहीत हवं. निर्जंतुक करताना ऑटोक्लेव्ह 121 अंश सेल्सिअसला लावायचा. त्याहून जास्त तापवलं की कापड आकसतं. हे बारकावे शिकवावे लागतात, आणि आपल्या पाठ्यक्रमात त्यांना जागा नाही, ही लेखकाची जुनी तक्रार आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचंही असंच आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरायचा तर पूर्ण भूल लागते, म्हणजे भूलतज्ज्ञ आणि यंत्रं आली. डॉ. जे. ज्ञानराज यांनी पोटाची भिंत वर उचलून धरून, वायू न भरता, पाठीतून दिलेल्या भुलीवर अशा शस्त्रक्रिया केल्या आणि ईशान्य भारतातल्या सर्जनांना शिकवल्या. ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाने या कामात साथ दिली.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडिया ही संघटना 1990च्या दशकापासून हेच सांगत आली आहे. तिच्या आग्रहाने ‘डीएनबी रूरल सर्जरी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात सर्जरी, स्त्रीरोग आणि अस्थिरोग या तिन्ही शाखांचं काम एकत्र होतं. पुरेसे विद्यार्थी मिळाले नाहीत आणि तो रुजला नाही. ‘रूरल’ हा शब्द पदवीत आला की मुलं आणि पालक दोघंही मागे सरतात, हे लेखकाने जवळून पाहिलं आहे आणि त्याची खंत वाटते.

आता हाताशी एक संधी आहे. 2021च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं आहे. हे महिने ओपीडीची गर्दी उपसण्यात घालवू नयेत. सर्जरीच्या विद्यार्थ्याला त्यातला एक महिना प्रसूतिकक्षात आणि एक महिना अस्थिरोगाच्या टेबलावर द्यावा. त्याने ज्येष्ठांच्या देखरेखीखाली केलेली सिझेरियन आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचे उपचार लॉगबुकात नोंदवावेत आणि अंतिम परीक्षेत त्यावर प्रश्न विचारावेत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. विभागप्रमुखांनी एकत्र बसून वेळापत्रक बदललं, तर पुढच्या वर्षापासून हे सुरू करता येईल.