आधी पानं उलटून बघ

साताऱ्याच्या आमच्या घरामागे फार जागा नाही. एक लिंबू, एक कढीपत्ता, जास्वंद आणि कुंपणालगत कुणी न लावता उगवलेलं बरंच काही. बाबा गेल्यावर मी वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि परत आले. आल्या आल्या परसदार ‘स्वच्छ’ केलं. रान उपटलं, पाला जाळला, निम्म्या जागेत फरशी घातली. लिंबाची पानं अळ्या खात होत्या, म्हणून औषध आणून फवारलं. फोटो टाकला, लाइक्सही आले.

आई काही बोलली नाही. वर्षभरानं चहा पिताना एवढंच म्हणाली, “हल्ली शिंपी ओरडत नाही गं.”

शिंपी कोण, हेच मला ठाऊक नव्हतं. चिमणीहून लहान, पाठ हिरवट, माथा तांबूस, शेपूट उभी. मादी चोचीनं पानांच्या कडांना भोकं पाडते, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि कापूस ओवते आणि पानांच्या त्या द्रोणात घरटं करते. “तुझे बाबा फांदी छाटायच्या आधी पानं उलटून बघायचे,” आई म्हणाली.

मग मी वाचायला लागले. शिंपी किडे-अळ्यांवर जगतो, हे ठीक. पण दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवते. मध पिणारा शिंजीरही तेच करतो. लिंबावरच्या ज्या अळ्या मी मारल्या, त्या फुलपाखरांच्या होत्या. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. मी त्या फोटोला ‘किडींचा बंदोबस्त’ असं लिहिलं होतं.

सगळा दोष माझ्या एका पंपाचा, असं म्हणता येणार नाही. आमच्या गल्लीतली जुनी घरं पडली, त्यांच्याबरोबर त्यांची परसंही गेली. पण आमचं परस तरी माझ्या हातात होतं.

फवारणी थांबवली. कुंपणाकडच्या चार फरश्या उचलल्या, कोपऱ्यात पाला कुजू दिला. पहिल्या पावसाळ्यात नुसतं तण माजलं. शेजारच्या काकूंनी विचारलंही, “माळी येत नाही का आता?”

दुसऱ्या पावसाळ्यात लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट दिसली. पुसायला गेले तर ती हलली. लहानपणी ही अळी तशीच दिसते, शत्रूला फसवायला. मोजल्या, अकरा होत्या. दुसऱ्या दिवशी सातच. उरलेल्या चार कुणी नेल्या ते मी पाहिलं नाही, पण त्याच आठवड्यात जास्वंदीतून सलग, खणखणीत ‘टुविट टुविट’ ऐकू आलं. एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज! आई स्वयंपाकघरातून हात न पुसताच बाहेर आली आणि दारात उभी राहिली. मग बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

घरटं अजून सापडलेलं नाही. परवा लिंबाची एक फांदी खिडकीवर आली होती. कात्री घेऊन गेले, तर आतून आईची हाक आली, “आधी पानं उलटून बघ.”

मी तेच करत होते.