मागच्या सीटवरची खाला

कोकणातून दुबई-शारजाला पाहुणे आले की तीन गोष्टी दाखवाव्याच लागतात : बुर्ज खलिफा, सोन्याचा बाजार आणि वाळवंट. वाळवंट म्हणजे नुसते पाहणे नव्हे. टायरची हवा निम्म्यावर आणून मोठ्या गाड्या वाळूच्या टेकड्यांवर चढवतात आणि पलीकडे सोडून देतात. माझ्या खालालाही तिच्या मुलाने हौसेने नेले. खाला ६३ वर्षांची, खेड तालुक्यातली, पहिल्यांदाच परदेशी आलेली.

गाड्या रांगेने जातात. पुढची गाडी उतरून दूर गेल्याशिवाय मागच्याने माथा ओलांडायचा नाही, कारण पलीकडचा उतार ड्रायव्हरला दिसतच नाही. क्वाड बाइकला मागे उंच काठीवर झेंडा लावतात तो यासाठीच. त्या दिवशी पुढची गाडी उताराच्या पायथ्याशी रुतली होती. खालाची गाडी माथ्यावरून थेट तिच्यावर जाऊन आदळली. पट्टे सगळ्यांनी लावले होते, रक्त कोणाचेच आले नाही. खाला सर्वांत मागच्या सीटवर होती.

हाडांच्या डॉक्टरांनी मला नंतर कागदावर चित्र काढून समजावले. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग असते, त्याला धक्का येताना दिसतो, तो अंग आवळून घेतो. मागच्याला काहीच कळत नाही. सीट जागीच थांबते, धडाचा भार वरून खाली येतो आणि पाठ पुढे वाकलेली असली तर मणक्याची पुढची बाजू चेपते. चौकोनी मणका पाचरीसारखा होतो. बहुधा छातीचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला, कारण बरगड्यांनी धरलेला ताठ भाग तिथे संपतो. खालाचा कमरेचा पहिला मणका चेपला होता. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे विरळ होत जातात, त्यांना एवढा धक्का पुरतो.

गाडीवाल्यांनी मात्र सगळ्यांना दुसऱ्या गाडीत बसवले आणि कॅम्पवर जेवायला नेले. याचा राग मला अजून आहे. पाठ दुखते म्हणणाऱ्या माणसाला वाळूवरच सरळ झोपवून ठेवायचे आणि ९९८ वर रुग्णवाहिका बोलवायची. वळवावेच लागले तर डोके, खांदे, कंबर एकाच वेळी, ओंडका वळवावा तसे. तिला तर पुन्हा त्याच हिंदकळत्या वाटेने नेले.

खालाचेही एकच पालुपद, "काही नाही गो, अंग आंबलंय नुसतं." मुलाचा खर्च होईल या धास्तीने दोन रात्री तिने तशाच काढल्या. तिसऱ्या दिवशी वुजूसाठी वाकता येईना, तेव्हा मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी पायांबद्दल विचारले : मुंग्या येतात का, बधिर वाटते का, लघवी अडते का? यातले काही असते तर नसांवर दाब, आणि कदाचित तातडीचे ऑपरेशन. अल्हम्दुलिल्लाह, पाय शाबूत होते. एक्सरे आणि सीटी स्कॅन झाल्यावर छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा बांधला, १२ आठवड्यांसाठी. वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, पण अंथरुणात पडूनही राहायचे नाही, रोज चालायचे. हे शेवटचे खालाला पटेना. आपल्याकडे हाड मोडले की माणूस खाटेवर! तेल घेऊन मालिश करायला आलेल्या शेजारणीला मी दारातूनच चहा पाजून परत पाठवले. खर्चाचे म्हणाल तर भेटीच्या व्हिसावरच्या विम्याची पाने मुलाने अपघातानंतर पहिल्यांदा वाचली.

तिला सर्वांत बोचले ते नमाजचे. पट्ट्यात ना रुकू करता येत, ना सजदा. आजाऱ्याला खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करता येते हे तिला ठाऊक होते, गावातल्या म्हाताऱ्यांना ती स्वतः तसे सांगायची. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा दोन दिवस रडली. मग एका फजरला तिनेच मला खुर्ची खिडकीजवळ ओढायला लावली.

पट्टा सुटल्यावर हाडांची घनता तपासली, ती बरीच कमी निघाली. आता आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. माझी अम्मी तिची सख्खी बहीण, दोन वर्षांनी मोठी. तिची तपासणी पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला आहे.